पिवळं कडं

शेवटच्या साध्या दिवशी आई माझ्याशी रामफळाबद्दल बोलली.

रविवार होता. मी पुण्याला, बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. फोन खिशात, आवाज कानात. ती कऱ्हाडला, मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली असणार, असं मी धरून चालले होते.

"यंदा झाड नुसतं लगडलंय," ती म्हणाली. "पण वटवाघळं काही ठेवत नाहीत बघ."

"जाळी लावून घे."

"घेते की. तू जेवलीस का?"

"आई, सकाळचे सात वाजलेत."

"मग चहा तरी घेतलास का? रिकाम्या पोटी कामं उपसत बसू नकोस. बरं, ठेवते आता. हजेरीची वेळ झाली."

मी "ठेव" म्हटलं आणि उशीचा अभ्रा झटकला. थोडी चिडले होते. ती कऱ्हाडला परत गेल्यापासून आमचं प्रत्येक बोलणं त्या हजेरीपाशी येऊन संपायचं.

मंगळवारी सकाळी ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. बुधवारी दुपारी दारातल्या दुधाच्या पिशव्या तशाच पाहून शेजारच्या रझियामावशींनी दार फोडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर काही तास तरी त्या जिवंत असाव्यात. 'असाव्यात' हा शब्द त्यांनी जपून वापरला होता. मी तो तसाच घेऊन स्मशानापर्यंत गेले.

आईचं नाव शैलजा निकम. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी झाली. निवृत्तीनंतर नगर वाचनालयात म्हाताऱ्या माणसांसाठी संगणकाचे वर्ग निघाले, तिथे ती गेली. पहिल्या महिन्यात तिने दोन वेळा मला रडत फोन केला, की माऊस पळतो, बाण सापडत नाही. तिसऱ्या महिन्यात तीच इतरांना शिकवत होती. "बाई, तोंड उघडण्याआधी माईक उघडा," हे तिचं वाक्य त्या वर्गात म्हणीसारखं झालं होतं. वर्ग संपला, पण माणसं पांगली नाहीत. त्यांनी रोज सकाळी पडद्यावर भेटायला सुरुवात केली. गटाचं नाव 'फलाट', कारण तो चालवणारे भालेराव एसटीच्या कऱ्हाड आगारात वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. आता ते माणसं पुकारायचे.

"पाटणच्या कुसुमताई!"

"गाडी उभी आहे."

"उंब्रजचे मोहिते गुरुजी!"

"उभी आहे. पण हवा कमी आहे."

"मग धक्का मारू का?" आणि सगळे हसायचे.

एकट्या राहणाऱ्या माणसांची ती हजेरी. ज्याचं उत्तर आलं नाही, त्याच्या घराजवळ राहणारा उठून जायचा आणि दार वाजवायचा. एवढ्यासाठी तर तो गट होता.

आईला अर्धांगाचा हलका झटका आला तेव्हा मी तिला पुण्याला आणलं. हातपाय सुधारले, जीभ सुधारली नाही. शब्द तुटके, ओले यायचे. तेव्हा नुकतीच बोलपट्टी निघाली होती आणि मीच ती तिला घेऊन दिली.

पट्टी कशी चालते, ते सांगायला हवं. आपण बोलतो तेव्हा शब्द ओठांवर येण्याआधी गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंत विजेची बारीक लहर उठते. मेंदूचा हुकूम निघालेला असतो. झटक्यानंतर स्नायू तो नीट पाळत नाहीत, एवढंच. गळ्याला चिकटवलेली पट्टी ही लहर टिपते. घरच्या संगणकात त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून बनवलेला आवाजाचा साचा असतो. लहर साच्याशी जुळवली जाते आणि वाक्य त्या माणसाच्याच पूर्वीच्या, स्वच्छ आवाजात बाहेर पडतं. आईकडे हजेरीची कित्येक वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. इतका चांगला साचा आपण क्वचितच पाहिला, असं बसवायला आलेला माणूस म्हणाला होता.

लहर अपुरी पडली तर उरलेलं यंत्र अंदाजाने भरतं. अंदाज नुसता मराठीचा नसतो, त्या माणसाचा असतो. ही बाई, या वेळी, या माणसाशी, बहुधा काय म्हणेल? यंत्र शिकत जातं तशी त्याला लहर कमी लागते. सुरुवातीला आईला सगळं वाक्य मनात म्हणावं लागायचं. पुढे पहिला शब्द पुरायचा. आपण स्वतःला समजतो त्याहून फार ठरावीक बोलत असतो. यंत्राचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून सरकारने एक नियम केला होता. पडद्यावर बोलणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती कडं उमटलं पाहिजे. बोलणं माणसाचं असेल तर निळं, यंत्राने भरलेलं असेल तर पिवळं. नियम पडद्यापुरता होता.

पट्टी बसली आणि तीन महिन्यांत आई म्हणाली, मी कऱ्हाडला जाते.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"रामफळ आहे. पाणी कोण घालणार? आणि हजेरी आहे."

"हजेरी इथूनही होते."

"इथून माझं दार कोण वाजवणार?" ती म्हणाली.

मी गाडी बोलावून दिली. पिशवी डिकीत ठेवली आणि म्हटलं, "पोचलीस की फोन कर."

तेरावं झालं. नातेवाईक गेले, त्यांच्याबरोबर घरातला इतक्या दिवसांचा गलकाही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी दूध तापवत असताना मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

"गाडी उभी आहे. आज जरा पाय जड आहेत, पण आहे उभी."

दूध उतू गेलं. मी खोलीत गेले. टेबलावर तिचा संगणक चालू होता, तो बंद करण्याचं कोणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर म्हाताऱ्या चेहऱ्यांच्या चौकटी आणि एका चौकटीत आईचा फोटो. भोवती पिवळं कडं.

मी माईक उघडला. "हा काय प्रकार आहे?"

एका चौकटीत टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे भालेराव होते. त्यांच्या खालच्या चौकटीत रझियामावशी होत्या. भिंतीपलीकडच्या घरातून, रोज माझ्यासाठी डबा पाठवणाऱ्या.

"केतकी," त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तू पुण्याला गेलीस."

"म्हणजे मी गेल्यावर हे चालू ठेवणार होता?"

"सवयीनं नाव पुकारलं," भालेराव म्हणाले. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोंडातून गेलंच. तिचं उत्तर आलं. मग नाव गाळायचं धैर्य झालं नाही."

"तिचं उत्तर नाही आलं. यंत्राचं आलं. पट्टी गळ्याला नसताना ते बोलतंच कसं?"

"सुट्टीची सोय आहे त्यात, पट्टी नसली तरी यंत्र आपणहून उत्तर देतं. तिनं चालू करून ठेवली होती. आम्ही सगळ्यांनीच ठेवलीय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. फलाटावर एक रीत होती. कडं पिवळं दिसलं, तर विचारायचं नाही. माणूस झोपलेला असेल, रुसलेला असेल, कोणाशी बोलू नये असं वाटत असेल. पिवळं म्हणजे सुट्टी. दार वाजवायचं नाही.

"ही रीत कोणी काढली?"

"तुझ्या आईनं," रझियामावशी म्हणाल्या.

"आणि मंगळवारी कडं कुठलं होतं?"

कोणीतरी खोकलं. एक-दोन चौकटी काळ्या झाल्या.

"पिवळं होतं," भालेराव म्हणाले.

"मी हा साचा पुसून टाकणार आहे," मी म्हणाले आणि पडदा मिटला.

पुसण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती. मंगळवारी सकाळी तिथे कोण बोललं होतं, ते. मी कंपनीला फोन लावला. वारस म्हणून माझी ओळख पटवून झाल्यावर एका तरुण अभियंता बाईने त्या वेळची लहर काढून पाहिली.

"पट्टी गळ्याला होती," ती म्हणाली. "आणि लहर होती, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टी नव्हती. त्या काहीतरी बोलत होत्या. फार क्षीण, तुटक. एखाद्या शब्दाएवढीही स्पष्ट नाही. यंत्राने वेळ पाहिली, कोणी पुकारलं ते पाहिलं आणि त्या नेहमी म्हणतात ते वाक्य पूर्ण केलं."

"ती काय म्हणत होती?"

"ते सांगता येणार नाही. एवढ्या लहरीतून कोणालाच नाही येणार. यंत्र बिघडलं नव्हतं, मॅडम."

तेच तर. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

दुपारी रझियामावशी आणि भालेराव घरी आले. रझियामावशींच्या हातात डबा होता. मी तो घेतला नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"रागावली आहेस, कळतंय," भालेराव खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "पण आवाज पुसू नकोस. मोहिते गुरुजींना सकाळी तिचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

"मोहिते गुरुजींनी रेडिओ लावावा."

"अगं, तुम्हा पोरांचं काय असतं माहितेय का?" त्यांचाही आवाज चढला. "मनगटाला घड्याळ बांधता, छताला डोळे लावता, जमिनीला चटया अंथरता. माणूस पडलं की चटई पुण्याला ओरडून सांगणार! पडायचीसुद्धा चोरी. एक सकाळ कोणी चौकशी करू नये, एवढंच मागत होती ती."

चटई मी पाठवली होती. ती मला गच्चीवर सापडली. आईने तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या.

"ती सुट्टीवर नव्हती," मी म्हणाले आणि अभियंता बाईने सांगितलेलं शब्दाला शब्द सांगितलं. मुद्दाम सावकाश सांगितलं.

भालेरावांनी चष्मा काढला.

"मी नाव पुकारलं तेव्हा?"

"तुम्ही नाव पुकारलंत तेव्हा."

"ती बोलत होती?"

"बोलायचा प्रयत्न करत होती. यंत्राने 'गाडी उभी आहे' म्हटलं. तुम्ही काय केलंत?"

त्यांचे ओठ हलले. मग आवाज आला. "पुढचं नाव घेतलं."

मला समाधान वाटलं. ते लपवण्याचं कारण नाही. पण ते पुरलं नाही.

"आणि झाड कोणी तोडलं?" मी विचारलं. "की तीही तुमची रीत? माणूस पडून आहे हे बघायला सवड नाही आणि तेराव्याचा मांडव घालायला तिचं झाड तोडायला सवड आहे? लगडलेलं झाड होतं."

रझियामावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "कुठलं झाड, पोरी?"

"रामफळ. मागचं."

"रामफळ दिवाळीत तोडलं. मुळं गटारात गेली होती. नगरपालिकेची माणसं आली होती. दोन दिवस जेवली नाही ती."

"रविवारी ती मला म्हणाली, यंदा झाड लगडलंय."

मी उठून मागचं दार उघडलं. परसात बुंधा होता, आल्यापासून रोज बघत होते तोच. त्याचा काप काळा पडला होता आणि कडेला शेवाळ धरलं होतं. ताजा काप पांढरा असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. यंत्राला फाल्गुन ठाऊक होता, फाल्गुनात शैलजा निकम लेकीशी कशाबद्दल बोलते ते ठाऊक होतं. कुऱ्हाड ठाऊक नव्हती. कुऱ्हाडीबद्दल आई फोनवर माझ्याशी कधी बोललीच नव्हती.

मी आत आले. "माझ्याशी ती पट्टी लावून बोलायची की सुट्टी लावून?"

"फोनवर कडं नसतं ना," रझियामावशी सावधपणे म्हणाल्या.

"मी ते विचारलं नाही."

"थकायची ती. रविवारी आधी तुझा फोन, मग लगेच हजेरी. दोन्हीला जीभ पुरायची नाही."

"मग हजेरीला यंत्र लावायचं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. त्यांना आता माझी दया येत होती आणि मला ती नको होती.

"बोला ना. रविवारी तुमच्याकडे कडं कुठलं असायचं?"

"निळं," भालेराव म्हणाले. खाली बघत.

"आम्हाला बोल लावतेस," रझियामावशी म्हणाल्या, "लाव. मंगळवारचं माझ्या मानेवर आहे, मरेपर्यंत राहील. भिंतीला भिंत लागून घर आणि मी दार वाजवलं नाही. पण आम्हाला निदान पिवळं दिसत होतं, केतकी. तुला तर नुसतं ऐकायचं होतं. आईचा आवाज तुला ओळखू आला नाही?"

"तोच आवाज होता."

"आवाज तोच. पण ती इतकी सरळ बोलायची का? आमच्याकडे पट्टी काढून बोलायची, एक वाक्य बोलायला तिला गुरुजींचा चहा संपेपर्यंत वेळ लागायचा. मध्येच अडायची, शिवी द्यायची, परत सुरू करायची. आम्ही थांबायचो. आम्ही सगळेच अडखळतो. पुण्याला ती अडली की तू तिचं वाक्य पुरं करायचीस. तूच करायचीस म्हणून तिनं यंत्राला करायला लावलं. इथे आल्यावर मला म्हणाली, लेक आणि पट्टी, दोघींना घाई."

"तुम्ही आता जा," मी म्हणाले.

त्या उठल्या. दारात वळल्या. "डब्यात भाकरी आहे. गार होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या खुर्चीत बसले. साचा पुसायचा तर पडद्यावरचं एक बटण दाबून धरावं लागतं. त्याच्याभोवती हळूहळू रेघ फिरते आणि वर्तुळ पुरं झालं की आवाज कायमचा जातो. मध्ये बोट उचललं तर काही होत नाही. विचार बदलायला माणसाला वेळ मिळावा म्हणून ते तसं केलेलं आहे.

हजेरी सुरू झाली. फलाटावर सगळे होते, रोजच्यापेक्षा जास्त. माझा चेहराही आता एका चौकटीत होता. कोणी नमस्कार केला नाही, मीही केला नाही. मला वाटलं होतं भालेराव आईचं नाव गाळतील. त्यांनी पाटण पुकारलं, उंब्रज पुकारलं. मग चष्मा नीट केला.

"कऱ्हाडच्या शैलजाताई!"

"गाडी उभी आहे," आई म्हणाली. पिवळी, स्वच्छ, न अडखळता.

भालेरावांनी पुढचं नाव घेतलं नाही. ते थांबले. मंगळवारी थांबायला हवं होतं तसे. मोहिते गुरुजींनी कप खाली ठेवला. सगळ्या फलाटावर कोणी हललं नाही. ते माझ्यासाठी थांबले होते की तिच्यासाठी, मला माहीत नाही. मी त्यांना माफ केलेलं नव्हतं. आजही नाही.

मी बटण दाबलं. रेघ फिरू लागली. सत्र संपतंय हे यंत्राला कळलं असावं.

"बरं," आई म्हणाली, "ठेवते आता."

असंख्य रविवार ती हेच म्हणाली होती आणि मी "ठेव" म्हटलं होतं. त्यातल्या कुठल्या रविवारी ती स्वतः होती, ते मला आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. ती नक्की समोर होती असा शेवटचा क्षण मला एकच ठाऊक होता. इमारतीच्या दारात, गाडीची डिकी उघडी, तिच्या हातात पाण्याची बाटली. ती पायरीवर थांबली होती, माझ्याकडे बघत, काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखी.

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. घशात काहीतरी अडलं, जबडा हलला, पुन्हा अडला. पडद्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या चेहऱ्यांना ते दिसत होतं. कोणीही माझं वाक्य पुरं केलं नाही.

वर्तुळ पुरं व्हायला केसभर उरलं होतं. माझं बोट बटणावरच होतं.

"आई," मी म्हणाले, "जाऊ... जाऊ नकोस. माझ्याकडे राहा."